शेवटच्या वडीखालचा चेक

"माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या पैशातला एक सेंटही सरकारच्या घशात जाणार नाही," असं सेल्मर ट्वेटनं डॉटीच्या हॉटेलात जाहीर केलं आणि फाशांचा पेला टेबलावर उपडा केला. फासे पडले एक, एक आणि दोन. म्हणजे त्या दिवशी सहा जणांच्या कॉफीचे पैसे त्याच्याच डोक्यावर बसले. शहाण्या माणसानं एवढ्यावरून काय ते ओळखलं असतं.

फिडल लेक हे मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाचं गाव. त्या डिसेंबरात थंडी अशी होती की डॉटीच्या दारात कुणी शिंकलं तर ती शिंक झाडूनं गोळा करावी लागे. असं निदान ड्वेन सांगतो, आणि ड्वेनच्या सांगण्यातून निम्मं वजा करायची गावाची रीत आहे. ड्वेन म्हणजे सेल्मरच्या बायकोचा, आर्डिसचा, भाऊ. पंचवीस वर्षं त्यानं गावात टपाल वाटलं, त्यामुळे कुणाच्या घरी कसलं पाकीट येतं हे त्याला पाकिटाच्या मालकाआधी कळायचं, आणि निवृत्त झाला तरी ती सवय सुटली नव्हती.

"तुला सरकारची तीन पत्रं आली म्हणे," ड्वेन कॉफी ढवळत म्हणाला.

"आली. मासेमारीच्या खोपटातली शेगडी पेटवायला चांगली आहेत."

"तिन्ही जाळलीस?"

"दोन. तिसरं आर्डिसनं कुठंतरी ठेवलं."

प्रकरण असं होतं. सेल्मरनं अडतीस वर्षं खिडक्यांच्या कारखान्यात नोकरी केली. दर पगारातून थोडे पैसे म्हातारपणाच्या खात्यात जायचे, आणि त्यावर त्या वेळी सरकार कर घ्यायचं नाही. सेल्मरच्या मते याचा अर्थ, सरकारनं कर सोडला. सरकारच्या मते याचा अर्थ, सरकार दाराबाहेर पायरीवर बसून होतं. यंदा सेल्मरला त्र्याहत्तर पूर्ण झाली आणि सरकार पायरीवरून उठलं. आता दरवर्षी या खात्यातून अमुक इतके पैसे काढलेच पाहिजेत, आणि काढले की त्यावर कर भरलाच पाहिजे. यंदाचा आकडा होता नऊ हजार छप्पन्न डॉलर साठ सेंट. मुदत एकतीस डिसेंबर.

"पैज लाव," ड्वेन म्हणाला. "कर भरलास तर जानेवारीभर सगळ्या टेबलाची कॉफी तुझ्याकडून."

"आणि नाही भरला तर?"

"तर माझ्याकडून. पायसुद्धा. सफरचंद भरून भाजलेला."

ड्वेननं आजवर कुणाला सफरचंदाची साल दिल्याचंही ऐकिवात नव्हतं. सेल्मरनं हात पुढे केला आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले.

दुपारी त्यानं खात्याच्या कंपनीला फोन लावला. तिथली ब्रिटा वयानं त्याच्या नातीएवढी, पण आवाज असा शांत की समोरचा आपोआप चिडावा.

"मी पैसे काढलेच नाहीत तर?" सेल्मरनं विचारलं.

"तर जे काढले नाहीत त्याचा पाव भाग दंड होतो, मिस्टर ट्वेट. सव्वाबावीसशेच्या वर. आणि नंतर पैसे काढावे लागतातच, त्यावर कर वेगळा."

"म्हणजे माझे पैसे मी माझ्या खात्यात ठेवले म्हणून दंड?"

"हो."

"बरं. काढले आणि दुसऱ्या दिवशी परत भरले तर?"

"या पैशांना ती सवलत नाही."

"बरं. काढले, पण खर्चच केले नाहीत तर? डब्यात ठेवले?"

"सरकार डबा बघत नाही. काढले की ते उत्पन्न. आणि उत्पन्न वाढलं की तुमच्या सरकारी पेन्शनचाही थोडा भाग करात येऊ शकतो."

सेल्मरनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. जणू फोनच चुकीचं बोलत होता. "ती पेन्शन मी आयुष्यभर कर भरून मिळवलीय. तिच्यावर परत कर?"

"मी नियम केले नाहीत, मिस्टर ट्वेट."

"मग कुणी केले? त्यांचा नंबर दे."

ब्रिटानं हा प्रश्न बहुधा रोज ऐकलेला असावा. ती म्हणाली, "एक वाट आहे. हे पैसे थेट तुमच्या चर्चला दिले, चेक चर्चच्या नावानं निघाला आणि एकतीस तारखेच्या आत वटला, तर तुमच्यावर काही कर नाही."

"एक सेंटही नाही?"

"नाही. पण मिस्टर ट्वेट, एक सांगू? तुमचा कर साधारण साडेतेराशे होईल. चर्चला दिलेत तर सगळेच नऊ हजार जातील."

खिडकीबाहेर एक खार येऊन पक्ष्यांचे दाणे खाऊन गेली.

"पण सरकारला काही नाही?" सेल्मर म्हणाला.

"सरकारला काही नाही."

"मग पाठव चेक."

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं सगळीकडे असतात. नाक कापून वर ते चर्चच्या पेटीत टाकणारा मात्र सेल्मर पहिलाच.

ही गोष्ट त्यानं आर्डिसला सांगितली नाही. त्याला कारण होतं. आर्डिसची बहीण कॉर्लिस पंचवीस वर्षांपूर्वी ॲरिझोनात राहायला गेली होती, आणि दर हिवाळ्यात आर्डिस म्हणायची, "एकदा फेब्रुवारीत जाऊन येऊ या." दर हिवाळ्यात सेल्मर म्हणायचा, "बघू." नऊ हजार हाताशी आलेत हे कळलं असतं तर आर्डिस भांडली नसती, मागितलेही नसते. तिनं फक्त एक उसासा टाकला असता. बायकोच्या रागाला सेल्मर भीत नसे. उसाशाला भीत असे. पंचेचाळीस वर्षांत त्याला त्यावर उत्तर सापडलं नव्हतं.

चेक आला. तारीख दहा डिसेंबर, बुधवार, चर्चच्या तळघरात नाताळआधीचं जेवण. जेवणं झाल्यावर पुरुष खुर्च्या वर नेत होते आणि स्वयंपाकघरात चर्चची खजिनदार व्हर्ना मोठ्या कॉफीच्या भांड्याचा तळ घासत होती. सेल्मर तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि चेक पुढे केला.

इथं फिडल लेकची एक रीत माहीत असलेली बरी. तिथं कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. ही दोन 'नको' नुसती मर्यादा म्हणून. तिसऱ्यांदा विचारतात तेव्हाचं उत्तर खरं. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर विषय संपला, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. आपल्याकडचा पंगतीतला आग्रह तो हाच, फक्त तिकडे तो मोजून तीनदाच करतात.

व्हर्नानं हात पुसून आकडा वाचला. पुन्हा वाचला. "छे छे, सेल्मर. हे फार होतंय."

"राहू दे गं. घे."

"नको. म्हातारपणी तुम्हालाच लागतील."

दोन झाले. आता तिसरा आग्रह, आणि व्हर्ना घेणार, आणि सरकार तोंडात मारल्यासारखं बसणार. सेल्मरनं तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यावरून ड्वेनचा आवाज आला, मागोमाग पाद्रीबाई. चर्चला एवढे पैसे दिल्याचं कळलं असतं तर पाद्रीबाईंनी रविवारी सगळ्यांसमोर नाव घेतलं असतं. फिडल लेकमध्ये माणसाचं चारचौघांत कौतुक करणं म्हणजे त्याचे कपडे उतरवण्यासारखंच. समोर भोपळ्याच्या वड्यांचा ट्रे होता, त्यात एकच वडी उरली होती. त्यानं वडीखालचा मेणकागद उचलला, चेकची घडी त्याखाली सरकवली, वडी पुन्हा बसवली आणि खुर्च्या उचलायला निघून गेला.

जाता जाता त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. व्हर्ना ट्रे धुणार, चेक सापडणार. मागाहून सापडला म्हणजे तिसरा आग्रह न बोलता पोचला. एवढी सभ्य देणगी गावात कुणी दिली नव्हती.

एकच गोष्ट तो विसरला, आणि ती त्या गावातलं शेंबडं पोरही विसरत नाही. शेवटची वडी कुणी घेत नसतं.

दिवस गेले. व्हर्ना काही बोलली नाही. सेल्मरला वाटलं, काय बाई आहे, गुपित कसं पोटात ठेवलंय. नाताळ झाला. ड्वेनला पाहिलं की सेल्मर गालात हसायचा आणि म्हणायचा, "पाय गरम लागेल मला. वर आइस्क्रीम."

"माझ्या पैशानं खाणार आहेस की तुझ्या, ते जानेवारीत कळेल," ड्वेन मिशीवरून हात फिरवत म्हणायचा.

एकोणतीस तारखेला सकाळी ब्रिटाचा फोन आला.

"मिस्टर ट्वेट, तो चेक अजून वटलेला नाही."

"वटेल."

"परवापर्यंत वटला नाही तर पैसे तुमच्याच खात्यात आहेत असं धरलं जाईल. म्हणजे दंड."

"नवा चेक पाठव."

"जुना थांबवून नवा काढायला आमच्याकडे आठ दिवस लागतात."

सेल्मर टोपी न घालता बाहेर धावला, गाडीत बसला आणि सुटला. त्या थंडीत गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या तारेला जोडून उबेत ठेवावं लागतं, आणि सकाळी ती तार काढायची असते. सेल्मरनं काढली नाही. पंचवीस फूट नारिंगी तार आणि तिच्या टोकाला गराजच्या भिंतीतून उपटून आलेली प्लगची पेटी, एवढं शेपूट घेऊन तो मेन स्ट्रीटवरून गेला. डॉटीच्या खिडकीतून उरलेल्या पाचही जणांनी पाहिलं. त्यांना वाटलं, असेल काही कारण.

व्हर्ना चर्चच्या कचेरीत पावत्या लावत होती.

"व्हर्ना, तो चेक बँकेत का नाही टाकलास?"

"कुठला चेक?"

"मी दिलेला."

"तो तू परत घेतलास." व्हर्नानं चष्मा काढला. "मी दोनदा नको म्हटलं, तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस. मला वाटलं, विचार बदलला असेल. खरं सांगू, जरा लागलंच मनाला. मी तिसऱ्यांदा हो म्हणणार होते."

"अगं, वडीखाली ठेवला होता मी. शेवटच्या वडीखाली."

"शेवटच्या?" व्हर्नाच्या चेहऱ्यावर खरोखर भीती उमटली. "सेल्मर, शेवटची वडी कोण उचलणार?"

"पण खाल्ली तर असेल ना कुणी?"

"गुरुवारी मी निम्मी कापून घेतली. शुक्रवारी पाद्रीबाईंनी उरलेल्याची निम्मी. शनिवारी पियानोवाली आली, तिनं त्याची निम्मी. पुढच्या आठवड्यात तर सुरीसुद्धा नीट बसेना. भिंगातून कापायची वेळ आली. पण शेवटची कुणी घेतली नाही रे, तेवढी लाज आहे आम्हाला."

"आणि ट्रे? ट्रे कुठाय?"

"नाताळच्या आधीच्या रविवारी ज्याचा त्यानं घरी नेला. खाली चिकटपट्टीवर नाव असतंच की." व्हर्ना थांबली. "भोपळ्याच्या वड्या म्हणजे... आर्डिसचा."

तळघरात त्या संध्याकाळी चौदा ट्रे होते. चौदांतून सेल्मरनं स्वतःच्या बायकोचा निवडला होता.

घरी आर्डिस खिडकीपाशी टेबलावर चित्राचे तुकडे जुळवत बसली होती. हजार तुकड्यांचं वाळवंट, त्यातले सातशे वाळूच्या रंगाचे. सेल्मर सरळ फ्रीझरपाशी गेला. ट्रे होता. चांदीच्या कागदाखाली मधोमध नखाएवढी वडी होती. तिच्याखाली मेणकागद नव्हता. काहीच नव्हतं.

"काही शोधतोयस?" आर्डिसनं मान वर न करता विचारलं.

"नाही. बर्फ."

"बर्फ बाहेर आहे. चार फूट."

आता काय विचारणार? चेकचं विचारावं तर तो चर्चला का दिला हे सांगावं लागणार, ते सांगितलं तर नऊ हजार आले होते हे कळणार, आणि मग तो उसासा. ती पक्ष्यांना दाणे घालायला बाहेर गेली तसे त्यानं पाककृतींचे कागद पालथे घातले, बायबल झटकलं, विणकामाची पिशवी उपसली. ती आत आली तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत पिठाच्या डब्यात होता.

"काही शोधतोयस का, सेल्मर?"

"नाही," तो म्हणाला. बाहीवरून पीठ गळत होतं. "पीठ बघत होतो. चांगलं आहे."

"चांगलंच आहे," आर्डिस म्हणाली आणि वाळूचा एक तुकडा बसवला.

तीस तारीख उजाडली. रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढे सव्वाबावीसशे डॉलर बर्फावरून घसरत जात होते. न्याहारीला आर्डिसनं त्याच्या कपात कॉफी ओतली, समोर बसली आणि त्याच्याकडे नीट बघून विचारलं, "सेल्मर, तू काही शोधतोयस का?"

आता सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. मग त्याला ड्वेनची मिशी आठवली.

"नाही," तो म्हणाला.

आर्डिसनं मान हलवली आणि कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

दुपारी बारा वाजता सेल्मर गराजमध्ये, गाडीत, काचा वर करून बसला आणि ब्रिटाला फोन लावला. आवाज इतका खाली की ती म्हणाली, "तुम्ही आजारी आहात का?"

"तो चेक रद्द कर. पैसे माझ्या बँकेत पाठव."

"आज होईल. करापोटी किती कापू? पंधरा टक्के धरले तर हिशोबाला सोपं जाईल."

"किती होतात?"

"तेराशे अठ्ठावन्न डॉलर एकोणपन्नास सेंट."

"ते एकोणपन्नास सेंट सोडता येत नाहीत?"

"नाही, मिस्टर ट्वेट."

"काप," सेल्मर म्हणाला. दात उपटून घेतल्यासारखा तो घरात आला.

टेबलावर वाळवंट पूर्ण झालं होतं. त्यावर मधोमध एक कागद ठेवलेला होता, चार घड्यांचा, एका कोपऱ्यावर भोपळ्याचा डाग.

"माझ्या ट्रेमध्ये होता," आर्डिस म्हणाली.

सेल्मरनं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुला... कधी सापडला?"

"रविवारी. नाताळच्या आधी."

"नऊ दिवस? नऊ दिवस तुझ्याजवळ होता आणि तू बोलली नाहीस?"

"मी विचारलं की तुला. काही शोधतोयस का. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. आज सकाळी तिसऱ्यांदा विचारलं." तिनं चेकची घडी हातानं सपाट केली. "तिसऱ्यांदाही नाही म्हणालास. मग विषय संपला ना."

सेल्मरनं चेकच्या कोपऱ्यावरचा डाग अंगठ्यानं पुसून पाहिला.

"मुदत उद्यापर्यंत होती," एवढंच तो म्हणाला. "दंड बसला असता."

"माहीत आहे. ते तिसरं पत्र मी वाचलं होतं. उद्या सकाळी मीच त्या खात्याच्या कंपनीला फोन करणार होते. पण तू गराजमध्ये फोन घेऊन बसलास तेव्हाच ओळखलं. किती आले हातात?"

"सात हजार सहाशे अठ्ठ्याण्णव."

तो उसाशाची वाट बघत उभा राहिला. उसासा आला नाही. आर्डिस उठली, लिहायच्या टेबलाच्या खणातून विमानाच्या वेळा लिहिलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. "पाचशे चर्चला देते. व्हर्नाला मी नीट तीनदा विचारीन. उरलेल्यात दोन तिकिटं होतात, आणि तुला चड्ड्या घ्याव्या लागतील. अर्ध्या. तिकडे ऊन असतं."

पैज तो हरला ती हरलाच. जानेवारीभर टेबलाच्या कॉफीचे पैसे त्यानं भरले. फासे आता कुणी टाकतच नव्हतं. ड्वेननं तर कॉफीबरोबर पायसुद्धा मागवायला सुरुवात केली. "पाय पैजेत नव्हता," सेल्मर म्हणाला. "तू जिंकला असतास तर होता," ड्वेन म्हणाला, "मग तू हरल्यावर कुठं गेला?" यात काहीतरी खोट होती, पण ती सापडेपर्यंत आइस्क्रीम आलेलं असायचं.

फेब्रुवारीत दोघं ॲरिझोनात उतरली. पहिल्या सकाळी कॉर्लिसनं टेबलावर पॅनकेक मांडले. खरपूस, लोणी वितळत असलेले. सेल्मरनं विमानात काही खाल्लं नव्हतं, कारण हवाईसुंदरीनं दोनदाच विचारलं होतं. त्यानं एक पॅनकेक मन लावून संपवला. ताटात अजून सात होते.

"आणखी घेणार, सेल्मर?" कॉर्लिसनं विचारलं.

"नको, नको," सेल्मर म्हणाला आणि काटा हातात तयार धरून बसला.

"बरं," असं म्हणून कॉर्लिसनं ताट उचललं आणि सातही पॅनकेक अंगणात कुत्र्याला घातले. पंचवीस वर्षं तिकडे राहून ती सगळं विसरली होती.

सेल्मर अर्ध्या चड्डीत, उन्हात, रिकाम्या बशीकडे बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सरकारबद्दल थोडा आदर वाटला. त्यांनी निदान तीन पत्रं पाठवली होती.